अडलेला कॅमेरा सोडवताना

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुना फिल्म कॅमेरा निघतो, लीव्हर ओढून पाहावा तर तो हलत नाही, आणि अंगठ्याचा जोर आपोआप वाढू लागतो. तो वाढू देऊ नका. १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या कॅमेऱ्यांचं धातुकाम टिकाऊ आहे, पण आतल्या काही पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात आणि त्या वाकवायला अंगठ्याची ताकद पुरेशी होते. अडलेला कॅमेरा बहुतेक वेळा सुटतो. जोर लावून पाहिलेला कॅमेरा मात्र कारागिराकडे गेल्यावरही अनेकदा परत येत नाही.

हा अडतो तरी का? लीव्हर एकदा ओढला की आत चार कामं एकदम होतात. रोल एका फोटोइतका पुढे सरकतो, शटरची स्प्रिंग ताणली जाते, एसएलआर असेल तर आरसा वर उचलणारी स्प्रिंग तयार होते आणि काउंटरचा आकडा बदलतो. हे सगळं पुरं झालं की लीव्हरला आतून खीळ बसते, म्हणजे एकाच फोटोसाठी तो दोनदा ओढला जात नाही. खटका दाबून शटर पडल्यावरच ती खीळ निघते. उलट बाजूनेही तसंच: लीव्हर पूर्ण ओढलेला नसेल तर खटका दबत नाही. या साखळीतली एक कडी अर्धवट राहिली की पुढचं सगळं थांबतं. म्हणून लीव्हर हलत नसला तरी दोष लीव्हरमध्येच असेल असं नाही. आधी स्वतःला विचारायचं ते एवढंच की साखळी कुठल्या कडीवर थांबली आहे. स्क्रूड्रायव्हरची पाळी त्यानंतर.

पहिली तपासणी बाहेरून

सगळ्यात आधी आत रोल आहे का ते पाहा, आणि मागचं झाकण न उघडता पाहा. डावीकडची रिवाइंडची चावी बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. ती सैल फिरत राहिली तर कॅमेरा रिकामा असण्याची शक्यता जास्त. थोडं फिरून ताण जाणवला तर आत रोल आहे, आणि त्या रोलवर कदाचित कुणाच्या तरी साखरपुड्याचे किंवा बारशाचे फोटो आहेत. झाकण उघडलंत तर ते गेले.

काउंटर ३६च्या आसपास असेल आणि लीव्हर मध्येच थांबला असेल, तर रोल संपला आहे, दुसरं काही नाही. फिल्मचं शेवटचं टोक डबीतल्या दांड्याला पक्कं असतं आणि ते आणखी पुढे येऊ शकत नाही. कॅमेऱ्याच्या तळाशी छोटं बटण असतं, ते दाबून रोल रिवाइंड करा. बटण दाबूनही चावी घट्टच राहिली, तर फिल्मची भोकं फाटून ती दात्यांत अडकली असावी. मग अंधारातच काम करावं लागतं. अंधारी पिशवी असेल तर उत्तम. नसेल तर रात्री, खिडक्या बंद करून, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून, जाड रजईखाली झाकण उघडा, फिल्म बोटांनी हळूहळू सोडवा आणि काळ्या डबीत बंद करून वर नाव लिहून ठेवा. मोबाइल खोलीबाहेर ठेवा. लाल दिवाही नको. डार्करूमचा लाल दिवा फोटोच्या कागदासाठी असतो, कॅमेऱ्यातली नेहमीची फिल्म त्या उजेडातही खराब होते. जुना रंगीत निगेटिव्ह रोल अजूनही धुऊन मिळतो. रंग फिके येतील, पण चेहरे ओळखता येतात. डबीवर कोडाक्रोम लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्याचं रंगीत धुणं २०१०च्या अखेरीस जगभर बंद झालं, आता ती फिल्म फक्त कृष्णधवल धुता येते.

रोल नाही अशी खात्री झाली की खटक्याभोवती कुलूप आहे का ते बघा. अनेक कॅमेऱ्यांत खटक्याशेजारी एक छोटी दांडी किंवा कडं असतं आणि ते ‘एल’ या अक्षरावर फिरवलेलं असतं. नंतर सेल्फ-टायमरची दांडी पाहा. ती अर्ध्यावर थांबली असेल तर शटर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं. तिला बोटाने अलगद मूळ जागेकडे ढकललं की पुष्कळदा शटर पडतं. एकदा सुटली की पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्यात सेल्फ-टायमर पुन्हा वापरूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे. शटरच्या सगळ्या भागांत तोच आधी थकतो आणि अडला की बाकीच्यांनाही अडवतो.

मग सेल. कॅनन एई-१ हा १९७६ साली आलेला कॅमेरा, त्याचं शटर विजेच्या चुंबकाने सुटतं. ६ व्होल्टचा सेल मेला असेल तर खटका काम करत नाही, आणि शटर ताणलेलं असल्यामुळे लीव्हरही हलत नाही. हातात घेणाऱ्याला वाटतं की यंत्र आतून जाम झालं. नवा ४एलआर४४ सेल घातला की कितीतरी एई-१ जागच्या जागी चालू होतात. निकॉन एफईमध्ये सेल संपल्यावर आरसा वर जाऊन तिथेच राहतो. शटरच्या वेगाची चकती एम९० वर आणली की तो खाली येतो. पेंटॅक्स एमई सुपरमध्ये हेच काम १२५एक्स या खुणेवर होतं. मिनोल्टा एक्स-७०० नव्या सेलनंतरही अडलेलाच राहिला तर संशय आतल्या कपॅसिटरवर घ्या. या मॉडेलचं ते ठाऊक असलेलं दुखणं आहे, आणि ज्याला सोल्डरिंग येतं त्याच्यासाठी दुरुस्ती स्वस्तही आहे.

पेंटॅक्स के१००० मात्र या सगळ्यातून सुटलेला. त्याचं शटर पूर्णपणे यांत्रिक आहे, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. तो अडला तर सेलमध्ये कारण शोधू नका. याशिका इलेक्ट्रो ३५ दोन्हींच्या मधला: नावात इलेक्ट्रो असलं तरी सेल नसताना त्याचं शटर १/५०० सेकंदाला पडतं. तेव्हा सेलशिवाय तो गप्पच बसला असेल तर बिघाड यांत्रिक आहे.

सेलच्या खोबणीत पांढरा-हिरवट थर दिसला तर घाबरू नका. अल्कलाइन सेल फुटून झालेला तो क्षार असतो. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करा. व्हिनेगर खोबणीत ओतायचं नाही, काडी ओली असली की पुरे.

आता थोडं मॉडेलांच्या स्वभावाविषयी. कारण कितीतरी ‘बिघडलेले’ कॅमेरे मुळात बिघडलेलेच नसतात. १९५०च्या दशकातला फोइग्टलेंडर व्हिटो बी रिकामा असताना लीव्हर कितीही ओढा, शटर ताणलंच जात नाही, कारण ते काम फिल्मची भोकं दातेरी चाक फिरवून करतात. मागचं झाकण उघडून ते चाक बोटाने फिरवा आणि मग खटका दाबा. जर्मनीत बनलेल्या कोडॅक रेटिना ३सीचा काउंटर उलटा मोजतो. तो १ वर पोहोचला की लीव्हर बंद पडतो आणि काउंटर पुन्हा ३६कडे नेला की सुटतो. सोव्हिएत झोर्की ४मध्ये शटर ताणल्यानंतरच वेग बदलायचा, आधी बदलला तर आतली यंत्रणा दुखावते. आणि आपल्याकडे लग्नांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओंत ज्याने वर्षानुवर्षं काम केलं त्या याशिका मॅट १२४जीचा हँडल पुढे फिरून थांबला की मागे पूर्ण फिरवून जागेवर आणायचा असतो. तो मध्ये सोडला की खटका दबत नाही. वारशाने आलेल्या कॅमेऱ्याबरोबर माहितीपुस्तिका सहसा येत नाही. आपल्या मॉडेलची पुस्तिका शोधून वाचणं ही दुरुस्तीची खरी पहिली पायरी आहे, आणि ती टाळणारेच आधी स्क्रू काढायला बसतात.

उघडायचंच ठरलं तर

हत्यारं थोडी लागतात, पण ती योग्य असावीत. जपानी कॅमेऱ्यांचे अधिक-चिन्हाचे स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस पद्धतीचे असतात. घरातला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, निसटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. डोकं गेलेला स्क्रू काढणं हे मूळ बिघाडापेक्षा मोठं काम होऊन बसतं. तेव्हा जेआयएसचा छोटा संच घ्या. सोबत टोकदार चिमटा, हवा मारायचा रबरी फुगा, कापसाच्या काड्या, लाकडी टूथपिक, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लायटरमध्ये भरायचा नॅप्था. नॅप्था भडकन पेटतो. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस, उदबत्ती, देवापुढची समई असलेल्या खोलीत हे काम करू नका. त्याच्याऐवजी रॉकेल किंवा गाडीचं पेट्रोल वापरू नका, ते वाळल्यावर मागे तेलकट थर राहतो. दारांच्या बिजागऱ्यांवर मारायचा तेलाचा फवारा तर कॅमेऱ्याच्या जवळही आणू नका. तो पातळ होऊन सगळीकडे पसरतो, शटरच्या पात्यांवर जाऊन बसतो आणि अडलेल्या कॅमेऱ्याचा कायमचा अडलेला कॅमेरा करतो.

परातीत पांढरा सुती कपडा अंथरून त्यावर काम करा. उडालेला स्क्रू परातीच्या काठाशी थांबतो आणि पांढऱ्यावर दिसतो. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि काढलेले स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीत त्यांच्याच जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. एकाच झाकणाचे स्क्रू सारखे दिसले तरी लांबीने वेगळे असू शकतात, आणि चुकीच्या भोकात गेलेला लांब स्क्रू आतल्या चाकाला जाऊन टेकतो. स्क्रू उलट्या आट्यांचाही असू शकतो, विशेषतः वाइंड लीव्हरच्या वरचा. नेहमीच्या दिशेने निघत नसेल तर ताकद वाढवण्याआधी दुसऱ्या दिशेने हलकेच करून पाहा.

एक कॅमेरा मात्र घरी उघडायचाच नाही: ज्याच्या अंगातच फ्लॅश आहे तो. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. हा धक्का गंमत नाही.

बाकीच्या कॅमेऱ्यांत सुरुवात तळापासून करा. तळाची पट्टी दोन-तीन स्क्रूंवर असते आणि तिच्याखाली वाइंडची चाकं उघडी दिसतात. नुसतं बघा. अनेकदा फिल्मचा फाटलेला तुकडा, वाळूचा कण किंवा सुटलेला स्क्रू दोन दात्यांत सापडतो आणि चिमट्याने काढला की काम संपतं. रिवाइंडचं बटण आत दबून राहिलं आहे का तेही बघा. जुन्या ग्रीसमुळे ते वर येत नाही, आणि मग लीव्हर मोकळा फिरतो पण रोल सरकत नाही. के१०००च्या तळाशी शटरच्या पडद्यांचा ताण ठरवणारे स्क्रूही असतात. त्यांना हात लावू नका. ते हलले की सगळे वेग बिघडतात, आणि पुन्हा जुळवायला मोजमापाचं यंत्र लागतं.

आरसा वर अडकला असेल तर गुन्हेगार बहुधा स्पंज असतो. आरसा जिथे आपटतो तिथे आवाज कमी करायला फोमची पट्टी लावलेली असते. दमट हवेत वर्षं गेली की हा फोम विरघळून काळं, चिकट डांबर होतं आणि आरसा त्यालाच चिकटतो. कोकणात आणि मुंबईत राहिलेल्या कॅमेऱ्यात तर हे गृहीतच धरा. लेन्स काढा, टूथपिकच्या टोकाला थोडा कापूस गुंडाळा, अल्कोहोलचा एक थेंब लावा आणि चिकट भाग थोडा थोडा उचला. घाई केलीत तर त्याचे कण वरच्या फोकसिंग काचेवर पडतील. ती काच नावालाच काच, बऱ्याचदा ती मऊ प्लॅस्टिकची असते. तिच्यावर अल्कोहोल लावलंत तर डाग कायमचा राहतो, फक्त फुग्याने हवा मारा. आरशालाही बोट किंवा कापूस लावू नका. त्याचा चांदीसारखा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो आणि पुसताच ओरखडतो. जुना फोम निघाला की त्याच जाडीची नवी पट्टी कापून लावा. मागच्या झाकणाच्या खाचांतला फोमही त्याच बैठकीत बदलून टाका, नाहीतर उजेड आत शिरेल.

लेन्समध्येच शटर असलेले कॅमेरे, म्हणजे याशिका इलेक्ट्रो, याशिका मॅट, आग्फाचे घडीचे कॅमेरे, यांचं दुखणं वेगळं. खटका दबतो, आवाजही येतो, पण पाती हलत नाहीत किंवा अर्धी उघडून थांबतात. जुन्या ग्रीसमधलं तेल सुटून पात्यांवर आलेलं असतं आणि पाती एकमेकांना चिकटलेली असतात. १/२५० सेकंद चालतं पण १ सेकंदावर शटर उघडंच राहतं, असं असेल तर मंद वेगांची दातेरी चाकं ग्रीसने जड झाली आहेत.

इथे समोरची भिंगं काढावी लागतात. नाव कोरलेलं कडं रबराच्या बुचाने दाबून फिरवलं की बहुधा सुटतं, धातूचं टोक लावाल तर ओरखडा उमटेल. आता सर्वांत महत्त्वाचं. आग्फा आयसोलेटसारख्या कॅमेऱ्यांत समोरचं भिंगच फिरून फोकस होतं, म्हणून ते अनंतावर ठेवून भिंगावर आणि अंगावर समोरासमोर खूण करा, काढताना आटे नेमके कुठे सुटले त्याचीही खूण करा. ही खूण करायची राहिली तर कॅमेरा चालतो पण एकही फोटो स्पष्ट येत नाही, आणि कारण कळत नाही. आग्फाच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत हिरवट ग्रीस सुकून सिमेंटसारखं झालेलं असतं, भिंग हलतच नाही. त्याला नॅप्थापेक्षा अल्कोहोल लागू पडतं: आट्यांवर थेंब सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. थोडी ऊब दिली तर सुटायला मदत होते. पक्कडीने पिळायचं नाही.

पाती उघडी पडली की छिद्र पूर्ण उघडा, कापसाची काडी नॅप्थात बुडवून झटका आणि पाती अलगद पुसा. शटर मारा. पुन्हा पुसा, वाळू द्या, पुन्हा मारा. पहिल्या पुसण्यानंतर पाती छान चालू लागतात आणि वाळल्यावर पुन्हा चिकटतात, कारण विरघळलेलं तेल तिथेच पसरलेलं असतं. म्हणून काडी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका, आणि नॅप्था ओतून शटर बुडवण्याचा मोह टाळा. बुडवलं की सगळी घाण पसरून नव्या जागी जाऊन बसते. पात्यांना तेल लावायचंच नसतं, ती कोरडीच चालतात.

एसएलआरचे कापडी पडदे मात्र फक्त बघायचे. रबर लावलेलं ते कापड फार नाजूक असतं. पडदा अर्ध्यावर थांबला असेल, फाटला असेल किंवा त्याची दोरी तुटली असेल, तर तळाची पट्टी परत लावा आणि कॅमेरा कारागिराकडे न्या. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, दुरुस्ती करणाऱ्यांचा शोध तिथून सुरू करता येईल. नेताना काय काय केलंत ते खरं सांगा, आणि निघालेले स्क्रू सोबत द्या. कारागिराचा निम्मा वेळ आधीच्या माणसाने काय केलं ते शोधण्यात जातो.

सुटल्यावर

सुटला म्हणजे बरा झाला असं नाही, वेग तपासा. मोबाइलचा संथ व्हिडिओ सेकंदाला २४० चौकटी टिपत असेल, तर मागचं झाकण उघडं ठेवून, कॅमेरा खिडकीकडे धरून शटर मारताना व्हिडिओ घ्या आणि उजेड दिसणाऱ्या चौकटी मोजा. १/१५ सेकंदाला १६, १/३०ला ८ आणि १/६०ला ४ यायला हव्यात. पडद्याच्या शटरमध्ये १/६०च्या पुढे ही मोजणी लागू होत नाही, कारण तिथे पडद्यांमधली चीर सरकत जाते. वेग थोडा मंद असेल तर निगेटिव्ह फिल्म सांभाळून घेते, दुप्पट मंद असेल तर सफाई अपुरी राहिली आहे.

भिंग काढलं असेल तर फोकसही पाहा. फिल्म जिथे बसते त्या रुळांवर दुधी चिकटपट्टी किंवा ट्रेसिंग पेपर ताणून लावा, शटर बी वर उघडं धरा, फोकस अनंतावर ठेवा आणि दूरच्या इमारतीची किंवा डोंगराची कड पट्टीवर कशी दिसते ते पाहा. कड धारदार असली की समोरचं कडं कायमचं आवळा.

मगच रोल घाला, आणि पहिला रोल स्वस्त, कमी फोटोंचा असू द्या. प्रत्येक फोटोचा वेग आणि छिद्र वहीत लिहा, एकच दृश्य वेगवेगळ्या वेगांना घ्या आणि रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून निगेटिव्ह तपासा. एखाद्याच वेगाचे फोटो बिघडले असतील तर तो वेग सोडून बाकी कॅमेरा बिनधास्त वापरता येतो. पुढे वापरात नसेल तेव्हा शटर सोडून ठेवा, ताणलेलं ठेवू नका. सेल काढा. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि भिंगावर बुरशी चढते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आणि महिन्यातून एकदा डबा उघडून सगळ्या वेगांवर शटर मारून पाहा.